समोरच्या दुकानाची स्ट्रॅटेजी

परंडा तालुक्यात मोबाईल विकावा तर आपणच, असं दिग्विजयचं स्पष्ट मत होतं. तालुक्याचं मत मात्र गेल्या दिवाळीपासून बदललं होतं. दिग्विजयचं दुकान काचेचं, एसीचं, दारात माणसाएवढा बॅनर. रस्त्यापलीकडं रेवणप्पाचं दुकान जेमतेम एका बाजेएवढं. आणि गर्दी सगळी पलीकडं!

त्यात गगन कंपनीचे राघवेंद्र साहेब पुण्याहून येऊन बसले. कंपनीला तालुक्यात एकच विक्रेता ठेवायचा होता.

"दिग्विजयराव, तेच मॉडेल, तीच किंमत, तरी माल तिकडं खपतो. त्याची स्ट्रॅटेजी काय आहे? संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर एजन्सी त्याला!"

दिग्विजय छाती फुगवून म्हणाला, "संध्याकाळ कशाला साहेब? तासाभरात सांगतो! आपलं हेरखातं तयार हाय!"

हेरखातं म्हणजे त्याची आई, द्वारकाबाई. त्या बेंबळीला थोरल्याकडं राहायच्या, चार दिवसांसाठी परंड्याला आल्या होत्या. रेवणप्पानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आई, तू नुसतं गिऱ्हाईक म्हणून जायचं. फोन दाखवा म्हणायचं. तो काय काय बोलतो ते आमी इथून ऐकतो."

"आन् घ्यायचा न्हाय?"

"न्हाय!"

"त्यानं चहा दिला तर?"

"चहा पी. पर माझं नाव काढू नको!"

दिग्विजयनं आईच्या फोनला फोन लावला, चालू फोन तिच्या पिशवीत मेथीच्या जुडीवर ठेवला आणि तिला रस्ता ओलांडून दिला. मग तो आणि साहेब दारातल्या बॅनरमागं दबा धरून बसले. फोन स्पीकरवर!

आधी नुसती मेथी खसखसली. मग रेवणप्पाचा आवाज आला.

"या मावशी, टेका. लई ऊन हाय. काय दाखवू?"

"फोन दाखवा."

"पिशवीत हाय की एक. नवाच दिसायलाय. त्याला काय झालं?"

इथं द्वारकाबाईंनी विषय बदलायचा होता. पण गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

"त्याला काय न्हाय झालं बाबा. मलाच लावता येत न्हाय."

बॅनरमागं दिग्विजयचा चेहरा पडला.

"पोरानं दिलाय. लई भारी हाय म्हणतो, चार कॅमेरे हायत म्हणतो. आला तर उचलते म्या. पर लावू कसा? आत सगळी नावं लिहिलेली, आन् म्या न्हाय शिकलेली. आधीचं डबडं बरं होतं. दोनचं बटण दाबून धरलं की वाशीची लेक बोलायची! ते पोरानं एक्सचेंजमधी घेतलं."

साहेब खाकरले. एक्सचेंजची योजना त्यांचीच होती.

"मग पोराला इचारायचं की, मावशी."

"इचारलं की दोनदा! 'सोप्पं हाय आई' म्हणला, भराभरा बोट फिरवलं, आन् तेवढ्यात गिऱ्हाईक आलं."

दिग्विजय फोन बंद करायला सरसावला. साहेबांनी त्याचं मनगट धरलं. "थांबा हो! हेच तर ऐकायचंय!"

पलीकडं रेवणप्पानं फोन हातात घेतला होता. "लेकीचा फोटो हाय का ह्यात? हां, ही, खाली शिवकन्या लिहिलंय. हा फोटो वर पडद्यावरच लावला. आता बघा, तिच्या तोंडावर बोट ठेवायचं की फोन लागतो!"

"एवढंच?"

"एवढंच. आता पोराचा फोटो?"

"त्याचा न्हाय. तो सारखा घाईत."

"मग काढू की आपण!"

स्पीकरवर जरा खडखड झाली. मग रेवणप्पाचा आवाज एकदम जवळून आला. "दिग्विजय, बॅनरमागून जरा डोकं वर काढ की! हां, बस, तसाच थांब! ...आता फोन ठेवतो बरं का. आईला लेकीशी बोलायचंय."

फोन बंद! फोनच्या पाठीवर दिग्विजयनं स्वतःच्या हातानं चिकटवलेला दुकानाचा स्टिकर होता. त्याला हेर ओळखायला डोकं ते किती लागणार!

साहेबांनी बॅग उचलली. "स्ट्रॅटेजी कळली," ते म्हणाले आणि सरळ रस्ता ओलांडून गेले. एजन्सी गेली, हे दिग्विजयला त्यांच्या चालण्यावरूनच कळलं.

पण त्याचं लक्ष तिकडं नव्हतंच. समोरच्या बाकड्यावर आई फोन कानाला लावून, हातवारे करत, खळखळून हसत होती. आईला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं, हे त्याला आठवेना. फार लाज वाटली त्याला.

अर्ध्या तासानं द्वारकाबाई परत आल्या आणि पायरीवर बसल्या. "त्याच्याकडं गुपित काय न्हाय रे. बसवतो आन् इचारतो."

दिग्विजय काही बोलणार तोच त्याचा फोन वाजला. आईचा फोन! आई तीन फुटांवर बसलेली, बोट पडद्यावर.

"लागतो का बघितला," त्या म्हणाल्या.

त्यानं वाकून पडदा पाहिला. बॅनरच्या कडेनं डोकावणारा तो, हातात फोन, तोंड उघडं, आणि खांद्यावरून साहेबांचं टक्कल.

"आई, काढून टाक हा! माझ्या लग्नातला चांगला देतो!"

"राहू दे," म्हणत द्वारकाबाईंनी फोन मेथीवर ठेवला. "ह्यात तू माझं ऐकायलास."