झऱ्यावर सोडलेला पोळ

"एक मारका खिलार पोळ झऱ्यावर सोडला, की रविवारची ही जत्रा पांगलीच म्हनून समजा!" अशी घोषणा निवृत्त सुभेदार सयाजीरावांनी भरल्या पारावर केली.

औंधपलीकडच्या त्या डोंगरवस्तीला पाण्याचा आधार म्हणजे तो एकच झरा. पूर्वी तेथे घागरींचा नाद आणि पाखरांचा कलरव, याखेरीज काही ऐकू येत नसे. मग कोणा पुण्यवंताने त्याचे छायाचित्र मोबाइलवर प्रसृत केले, आणि गाड्या, कर्णे, साबण, वेफर्स यांसह अवघे नागर जग वर लोटले! वस्तीच्या घागरीतले पाणी फेसाळू लागले.

"आवं, पर देवाला सोडल्यालं जनावर हाय. पुना दावं लावता येत न्हाई," रंगूबाईने आपल्या सुभेदार नवऱ्याला बजावले.

"लावायचं कशाला? आमी शिमेवर घुसखोर अडवल्यात. ही तर पोरंटोरं!"

आटपाडीच्या बाजारातून पोळ आला; चांगला दांडगा वळू. कपाळी गुलाल लावून, महादेवाचे नाव घेऊन त्यास यथाविधी मोकळे केले. पहिल्याच रविवारी त्याने असा हुंकार दिला, की धिप्पाड पुरुष वानरांसारखे कड्यावर चढले! सयाजीरावांनी मिशीला पीळ भरला.

त्या धावपळीत एका मुलीच्या हातून वेफर्सचा पुडा पडला. पोळाने तो हुंगला, चाटला आणि पिशवीसकट गिळला. मिठाची चव जिभेवर बसली, आणि क्रोध मावळला!

पुढच्या रविवारी दुप्पट गर्दी. पोळाचे नामकरण झाले, 'हिरो'! लोक त्याच्या गळ्यात हात घालून छबी काढीत. तोही झऱ्याच्या ऐन मुखाशी उभा राहून नैवेद्य स्वीकारी, आणि तेथेच शेण टाकी.

सयाजीराव दावे घेऊन धावले. वृद्ध सिद्धू धनगर आडवा आला.

"सुभेदार, दावं खाली ठिवा! देवाचा हाय त्यो."

"आरं गड्या, झरा नासतुया!"

"मग सोडला कुनी?"

सुभेदारांनी दावे गुंडाळले आणि पलटणीत शिकवलेली शिस्तबद्ध माघार घेतली.

पावसाळा सरता सरता पोळाचे पोट नगाऱ्यासारखे फुगले. एके सकाळी तो झऱ्यातच बसला, तो पुन्हा उठला नाही. गुरांच्या डॉक्टरांनी पोट उघडले. आत प्लास्टिकचा गठ्ठा! वस्तीने त्याला गुलाल उधळून पुरले. त्या पाण्याला मात्र कोणाची घागर लागेना. रंगूबाई खालच्या गावच्या विहिरीला खेपा घालू लागली. नवऱ्याशी ती अवाक्षर बोलेना; त्या अबोल्यापुढे शत्रूचा तोफखाना सौम्य म्हणावा!

रविवारी गाड्या आल्याच. सयाजीराव काठी घेऊन वाटेत उभे ठाकले. एक चष्मेवाली तरुणी पुढे आली.

"काका, हिरो कुठंय?"

"मेला. तुमच्याच पिशव्या खाऊन."

तिचे डोळे भरले. तिने पिशवीतली पाण्याची सीलबंद बाटली त्यांच्यापुढे धरली. ती दरीत भिरकावावी, असे सुभेदारांच्या मनात आले. परंतु घरची घागर रिकामी, आणि घशाला सकाळपासून कोरड होती. त्यांनी ती एका दमात रिकामी केली, ओठ पुसले, काठी बगलेत धरली आणि दृष्टी जमिनीला लावून विचारले,

"आनखी एक हाय का, बाई? घरात मंडळी तहानल्याली हाय."