जतन झाले!

"ज्याची नुसती चाहूल लागली की कॉम्प्युटरमधल्या चुका लपायला जागा शोधतात, तो मी!" आमचे साहेब स्वतःची ओळख अशी करून देतात. मी त्यांचा सहायक. चुका लपतात हे खरं आहे. कुठे, ते ऐका.

जनावरांच्या डॉक्टरांकडे आम्हीच बसवलेला प्रोग्रॅम आठवडाभर नोंदी गिळत होता. काउंटरवरच्या ताई फॉर्म भरायच्या, पडद्यावर "जतन झाले!" यायचं आणि नंतर शोधलं तर ठणठणगोपाळ. डॉक्टरांनी ताईंनाच फैलावर घेतलं. "नोंदी करायच्या नसतील तर उद्यापासून येऊ नका."

साहेबांनी भिंग काढलं. कीबोर्डवर एक केस सापडला. "मांजर! तीच चालते यावरून." मग संशय शेजारच्या दवाखान्यावर गेला. "हॅकर लावलाय त्यांनी." शेवटी नजर ताईंवर स्थिरावली. "दोष बोटांत आहे. सेव्हचं बटण तुम्ही फार हळू दाबता."

ताईंचा पारा चढला. "हळू? हे बघा!" कोऱ्या फॉर्मवरच त्यांनी माऊस असा हाणला की पिंजऱ्यातला पोपट दचकला. पडद्यावर आलं, "जतन झाले!"

"काय जतन झालं? माझं कपाळ?"

डॉक्टर बघतच राहिले. मी कोड उघडला. पहिलीच ओळ म्हणत होती, कोणतीही चूक आली तरी न बोलता पुढे जा. ती काढून मी समोरच्या ढब्बू नावाच्या बोक्याची नोंद भरली. आठवडाभर तोंड दाबलेला प्रोग्रॅम लगेच बोलला: "जन्मतारखेत 'ढब्बू' चालणार नाही."

साहेबांनी रकान्यांची नावं ठेवली होती टेक्स्ट एक, टेक्स्ट दोन, थेट चाळीसपर्यंत. गेल्या आठवड्यात त्यांनी मध्येच "शेपटी आहे का?" हा रकाना घुसवला, फॉर्मवरचे पुढचे आकडे सरकवले आणि कोडमधले तसेच ठेवले. तेव्हापासून नावाच्या जागी शेपूट जात होती आणि जन्मतारखेच्या जागी नाव.

"ताई, माझं चुकलं," डॉक्टर म्हणाले. "उद्या या."

साहेबांनी गंभीर चेहऱ्याने अहवाल टाइप केला: "काही तांत्रिक कारणाने."

ताईंनी कीबोर्ड त्यांच्यापुढे परत सरकवला. "कोणाची चूक, ते लिहा. रकान्यांना नाव दिलं नाहीत, निदान चुकीला तरी द्या."