दिवे असू द्या

अरविंद देवरे यांच्या घराची बेल वाजत नसे, किंचाळत असे. बटण दाबलं की आतून एक बाई गळा दाबल्यासारखी ओरडायची आणि पाठोपाठ कुणीतरी खदाखदा हसायचं. नवा दूधवाला पहिल्याच दिवशी किटली तिथंच टाकून पळाला आणि पुढं वर्षभर देवऱ्यांचं दूध आमच्या दारात ठेवत राहिला. देवऱ्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. "घाबरला ना? म्हणजे बेल चांगली आहे," असं म्हणून ते रोज सकाळी लुंगीवर येऊन आमच्याकडून दूध घेऊन जात.

आमची वसाहत एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची. मी भांडारात कारकून, देवरे कंट्रोल रूममध्ये, आणि आमच्या दोघांच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत. ती भिंत किती पातळ होती हे सरकारी घरात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. त्या भिंतीतून मी नव्वदच्या दशकाची सगळी वर्षं परग्रहावरच्या प्राण्यांचं घोरणं ऐकलं. तेव्हा व्हिडिओ कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, पण देवरे जिथल्या तिथं राहिले.

माणसाला एखादा नाद असावा, नाही असं नाही. कुणी पत्ते खेळतो, कुणी भजनाला जातो. देवऱ्यांना भुताखेतांचे आणि परग्रहांवरचे सिनेमे लागायचे, तेही परदेशी. बैठकीच्या खोलीत देवांच्या तसबिरींच्या रांगेत एका हिरव्या तोंडाच्या, तीन डोळ्यांच्या प्राण्याचं चित्र होतं. वहिनी दसऱ्याला त्यालाही झेंडूची माळ घालत, कारण बाकीच्यांना घालायची आणि त्याला नाही, हे त्यांना बरं दिसत नसे. स्कूटरच्या डिकीतून एक रबरी हात लोंबत असे. एका गणपतीत तर त्यांनी वहिनींच्या दोन पराती एकमेकींवर उपड्या घालून उडती तबकडी केली आणि तिच्या दारात गणपती बसवला. आरतीला आलेल्या पाटीलकाकूंनी विचारलं, हे काय हो? तर म्हणाले, बाप्पा येतो म्हणता ना दरवर्षी, मग कशात बसून येत असेल?

बरं, इंग्रजी येत असेल म्हणावं तर तेही नाही. माझ्याइतकंच, म्हणजे अर्जापुरतं. पण मत मात्र ठाम. भुतांची प्रतवारी ते नोकरीच्या भाषेत करत. जे भूत नुसतं दार वाजवून निघून जातं ते 'रोजंदारीवरचं'. जे पहिल्या अर्ध्या तासात दिसतच नाही ते 'रजेवरचं'. फार क्वचित एखाद्याबद्दल मान हलवून म्हणत, "हे कायम आहे. याला पेन्शन लागू." आणि असं म्हणताना त्यांचा चेहरा बढती मिळाल्यासारखा व्हायचा.

हा सगळा जाच त्यांनी एकट्यानं सोसला असता तर मला लिहायचं कारणच नव्हतं. पण देवऱ्यांना सिनेमा एकट्यानं बघता येत नसे. रविवारी दुपारी ते नाशिकरोडच्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणत आणि दारोदार फिरत. चिवडा आहे, या. थंड आहे, या. मधली रांग अजून रिकामी आहे, या. त्यांच्या खोलीत एकूण रांगच एक होती.

आणि बघायची पद्धत काय सांगू. भर दुपार, खिडक्या उघड्या, वर ट्यूबलाइट चालू. कुणी बटणाकडं हात नेला की ते आतून ओरडायचे, "दिवे असू द्या." का, तर म्हणे अंधारात मेकअप नीट दिसत नाही, अंधारात बघणं हे अडाणी प्रेक्षकाचं लक्षण. आवाज इतका बारीक की भुताच्या पावलांपेक्षा वहिनींच्या मिक्सरची भीती जास्त वाटायची. अर्ध्या महाराष्ट्राला उजेड पुरवणाऱ्या केंद्रातला हा माणूस भुताला मात्र अंधाराचा एक कण मिळू देत नव्हता.

याहून मोठी कमाल चहाची. सिनेमा ऐन रंगात आला, म्हणजे दार करकरू लागलं, ती सोनेरी केसांची मुलगी कारण नसताना तळघराकडं निघाली, की देवरे उठत. "मी जरा चहा टाकतो." वहिनी घरात असताना हे चहा टाकणार. आत स्टोव्हचा फरफर आवाज, कपबश्यांची आदळआपट, आणि बाहेर आम्ही त्या मुलीचा मुडदा बघतोय. सगळं शांत झालं की देवरे ट्रे घेऊन हजर. मग उलटतपासणी सुरू. काय झालं? कुठून आलं? दात कसे होते, वर की खाली? ती ओरडली की नुसतीच पडली? एकेकाला विचारायचे आणि आमच्या सांगण्यात फरक पडला तर पुन्हा विचारायचे. स्वतः बघायचं नाही आणि आमच्याकडून साक्षी घ्यायच्या. माझी बायको शैला म्हणायची, या माणसाला सिनेमा नको आहे, पंचनामा हवा आहे.

दरवर्षी होळी जवळ आली की हा ताप वाढायचा. होळीच्या आत अजून एक बघू, चांगला, वर्षातला सगळ्यात चांगला. होळीनंतर बघितला तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं. "होळीनंतर उपयोग नाही," एवढंच म्हणाले. जणू होळी पेटली की परदेशातली भुतंही सुट्टीवर जातात. आम्ही त्यावर पुष्कळ हसून घेतलं.

मग घरोघरी केबल आली आणि वसाहतीत ज्याला त्याला आपापला टीव्ही पुरू लागला. बायका मालिकांत रमल्या, पुरुष क्रिकेटमध्ये, आणि देवऱ्यांच्या रांगेत कुणी बसेना. पाटील बदलून गेले, दुसऱ्या एकानं तोंडावर सांगितलं की आमची मुलं रात्री दचकतात. देवऱ्यांनी चिवड्याच्या जागी कचोरी ठेवून पाहिली. तरी कुणी आलं नाही. भिंतीपलीकडून कित्येक रविवारी सिनेमा सुरू झाल्याचा आवाज यायचा आणि थोड्याच वेळात बंद व्हायचा. मला तर फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी दुपारची झोप मिळू लागली होती.

त्या साली होळीच्या दिवशी दुपारी मी नुकताच आडवा झालो होतो, तेवढ्यात देवरे दारात उभे. हातात सीडी. चेहरा असा की घरात कुणी आजारी आहे की काय असं मला वाटलं.

"पाठकसाहेब, तासा-दीड तासाचा प्रश्न आहे. माझ्याबरोबर बसा."

मी म्हटलं, आज सण आहे, पुरणाचं जेवण झालंय, डोळे मिटतायत. पुढच्या रविवारी बसू.

"उद्या धुळवड. आजच बघायला पाहिजे. सगळ्यांकडे जाऊन आलो. तुम्ही नुसते बसा, झोपलात तरी चालेल, शेवट तेवढा बघा." मग म्हणाले, "माझ्याच्यानं एकट्यानं होत नाही हो."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं होतं. पण मला तेव्हा त्यात फक्त माझी मोडलेली झोप दिसत होती. शैलानं डोळे वटारले म्हणून मी गेलो.

सिनेमा एका कापडगिरणीचा होता. गिरणी कधीच बंद पडलेली, पण तिचा मेलेला मुकादम रोज हजेरी घ्यायला येतो, आणि तो ज्याचं नाव पुकारतो तो माणूस मरतो. देवरे खुर्चीच्या कडेवर बसून मला म्हणाले, "कायम आहे. नक्की कायम." शेवटी मुकादम नायकाच्या घराच्या पायऱ्या चढू लागला आणि देवरे चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा पडद्यावर नावांची पाटी सरकत होती. काय झालं शेवटी, त्यांनी ट्रे ठेवायच्या आधी विचारलं. माझं डोकं उठलं होतं. मी म्हटलं, काय व्हायचंय, मुकादमाची चंद्रपूरला बदली झाली. आणि चहा न घेताच घरी येऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नाशिकला गोदाघाटावर होतो. धुळवडीला नाशकात वीर निघतात. ज्या घरात कुणी अवेळी गेलेलं असतं, ते घर त्याचा टाक करतं, म्हणजे पत्र्यावर उठवलेली बोटाएवढी आकृती. तो टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून वाजतगाजत नदीवर आणतात, आंघोळ घालतात, नाचवतात आणि परत घरी नेतात. माझ्या साडूंकडचा वीर होता, म्हणून आम्ही. ढोलांचा नुसता कल्लोळ, देवांची सोंगं घेतलेली पोरं, गुलाल आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी.

त्या गर्दीत मला आधी वहिनी दिसल्या. पाण्यापासून थोड्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांच्या खाली, अगदी पाण्यालगत, देवरे पाठमोरे बसलेले. हातात खोबऱ्याची वाटी, आणि वाटीवर तोंड नेऊन काहीतरी बोलत होते. मी चेष्टा करायच्या तयारीनं दोन पायऱ्या उतरलो. आमच्याशी एवढं शुद्ध बोलणारे देवरे तिथं त्यांच्या सटाण्याकडच्या अहिराणीत बोलत होते.

"औंदाना पिच्चर भारी व्हता, बापू. गिरणीना मुकादम मरी गया, तरी हजेरी लेवाले ये. शेवट माले माहीत नही. पाठकसाहेब सांगतस, त्यानी बदली हुई गयी. माले पटस नही, पण तुले सांगी ठेवस."

मी होतो तिथंच थांबलो. वहिनींनी मला हळूच बाजूला घेतलं आणि सांगितलं. बापू म्हणजे देवऱ्यांचा धाकटा भाऊ. गावाबाहेर तंबूत भुताचा सिनेमा लागला की दोघं एका सायकलवर जायचे. देवरे इतके घाबरट की तंबूबाहेर सायकल धरून बसायचे, बापू आत जायचा, आणि घरी येईपर्यंत सगळा सिनेमा मागं बसून थोरल्याला सांगायचा, जिथं भीती वाटेल तिथं थांबून. कॉलेजात असताना कावीळ झाली आणि तो गेला. "तेव्हापासून हे सांगतात त्याला," वहिनी म्हणाल्या. "यांना अजून भीती वाटते हो. रात्री न्हाणीत जायचं तरी मला उठवतात."

त्या सगळ्या साक्षी, ते दात वर की खाली, हे सगळं इथं येत होतं. मी मारलेली ती बदलीची थापसुद्धा इथवर येऊन पोहोचली होती.

देवऱ्यांनी मागं वळून पाहिलं. मी दिसल्यावर लाजले वगैरे नाहीत. उलट सुटका झाल्यासारखे सरकून त्यांनी मला पायरीवर जागा करून दिली.

"पाठकसाहेब, बरं झालं आलात. खरंच बदली झाली का हो त्याची? नीट सांगा. याला शेवट अर्धा राहिलेला चालत नाही."

मी बसलो. म्हटलं, नाही झाली बदली. मुकादम पायऱ्या चढून वर येतो, घरात काळोख असतो, आणि तो हजेरीचं पुस्तक उघडतो.

देवऱ्यांनी ती ओली वाटी अलगद माझ्या ओंजळीत ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "तुम्ही सांगा त्याला," म्हणाले. "मी जरा चहा सांगून येतो."

ते ढोलांच्या गर्दीतून वर निघून गेले. घाटावरचे दिवे लागले होते. मी वाटीतल्या त्या बोटाएवढ्या बापूकडं बघितलं आणि घसा खाकरून मुकादमाच्या पावलांपासून पुन्हा सुरुवात केली.