कवड्याच्या अंगावरचा पळस

होळीच्या आधी आंबागडच्या अंगणवाडीत दीपमालाबाईंनी मुलांसाठी एक सोपं चित्र ठरवलं होतं. कागदावर खोडाचं चित्र बाई काढून देणार आणि मुलांनी तळहात रंगात बुडवून त्या खोडावर पळसाची फुलं उठवायची. रंगही घरचाच. मदतनीस कुंताबाईंनी पळसाची फुलं उकळली, त्यात चिमूटभर चुना टाकला तसा पिवळा रंग भगवा झाला, आणि तो हाताला धरावा म्हणून तांदळाची पिठी कालवली.

रंग हाताला उत्तम धरला. कागदालाच तो सोसवला नाही. पहिल्याच फुलाला कागद भिजून मऊ पडला, दुसऱ्याला फाटला. कोणाच्या हातात खोड राहिलं, कोणाच्या हातात नुसता चिखल. बाईंनी मुलांची समजूत काढली, उद्या जाड पुठ्ठा आणते म्हणाल्या, आणि हात धुवायला सगळ्यांना कुंताबाईंबरोबर मागच्या बोरिंगवर पाठवलं.

बोरिंगला पाणी लवकर येत नसे. कुंताबाई दांड्याशी झटत होत्या आणि मुलं रंगीत हात पुढे धरून उभी होती. पाणी आल्यावर त्यांनी वळून पाहिलं, तर रांगेत कोणीच नव्हतं.

बोरिंगपलीकडच्या कडुलिंबाला यादोरावांचा कवड्या बांधलेला होता. दुधासारखा पांढराशुभ्र बैल. परवाच्या शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, तो जोडीदारासह उतरणार होता. यादोराव त्याला पाणी पाजून घटकाभरासाठी दुकानाकडे गेले होते. गावात कवड्याच्या जवळ कोणी जात नसे. तो शिंग उगारायचा, लाथ झाडायचा, धन्यालासुद्धा अंगाला हात लावू द्यायचा नाही. आणि आता त्याच्या चारही बाजूंनी मुलं होती, आणि ती त्याच्या पोटावर, पाठीवर, जिथवर हात पोचेल तिथवर पळस फुलवत होती.

कुंताबाईंनी खिडकीशी जाऊन आत बाईंना नुसती हातानं खूण केली. दीपमालाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी पाहिलं. पण त्या ओरडल्या नाहीत. बैल बिथरला असता. त्या हळूहळू चालत समोरच्या सावलीत येऊन बसल्या आणि रोज हजेरी घेतात त्याच आवाजात म्हणाल्या, "मी ज्याचं नाव घेईन त्यानं माह्याजवळ यायचं. बाकीच्यानं हळूहळू काम करायचं."

एकेक नाव, एकेक मूल. कोणी धावलं नाही. शेवटी छोटी रीना उरली. तिचं अर्धं फूल राहिलं होतं. तिनं ते पुरं केलं, कवड्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि आली. कवड्या डोळे अर्धे मिटून उभा होता. शेवटचं मूल बाजूला गेल्यावर त्यानं डोळे उघडले, आणि कुंताबाई बादली घेऊन पुढे सरकल्या तशी शिंगं खाली घेतली.

मग लांबूनच पाणी फेकायचं ठरलं. पाण्यानं रंग जाण्याऐवजी आणखी गडद झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात यादोराव आले.

दीपमालाबाई पुढे झाल्या. "मामाजी, चूक माही हाय. लेकरायले काही बोलू नका."

यादोरावांनी बैलाभोवती एक फेरी मारली.

"लाथ नाई मारली?" त्यांनी विचारलं.

"नाई जी."

"शेपटी बी नाई झाडली?"

"नाई जी. उभा होता."

"मी त्याले धुतो तं दोन माणसं लागते दोरी धराले," यादोराव म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. घरच्याच माणसानं आपल्याला वगळून सगळ्यांना जेवायला बोलवावं, तसा तो होता. झाडाची दोरी सोडून ते बैलाला घेऊन निघाले. वाटेत गावातल्या भोजराजनं, फाल्गुनातच पोळा आला का, असं विचारलं. त्यांनी बैलाला भरभर पुढे हाकललं. घरी त्यांची बायको सुशीलाबाई मात्र पोट धरून हसल्या आणि बैल पहिल्यांदाच देखणा दिसतो म्हणाल्या.

सकाळी यादोराव तक्रार घेऊन सरपंचाकडे जाणार याची दीपमालाबाईंना खात्री होती.

सकाळी ते अंगणवाडीच्या फाटकात उभे होते. बरोबर जोडीतला दुसरा बैल, हिऱ्या. तोही तसाच पांढरा.

"याच्यावर बी फुलं पायजेत," ते म्हणाले. "पटात एक रंगीत अन् एक कोरा, जोडी दिसत नाई. लोकं हासतीन."

हिऱ्या मुलांचा आवाज ऐकूनच मागे सरकत होता. बाईंनी पाहिलं आणि साफ नाही म्हटलं. रंग देईन, पण लेकरं याच्याजवळ जाणार नाहीत. यादोरावांना ते पटलं. हिऱ्या फक्त त्यांनाच जवळ येऊ द्यायचा. थोडा वेळ ते घुटमळले. मग सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि बाईंसमोर दोन्ही तळहात पसरले.

मुलं ओट्यावर बसून पाहू लागली. यादोरावांनी पहिला हात उठवला, दुसरा उठवला. नांगर धरून रुंद झालेले, भेगाळलेले हात. प्रत्येक भेग बैलाच्या अंगावर उमटत होती. ते मन लावून काम करत होते, जीभ दातात धरून, आणि त्यांच्याकडे पाहताना दीपमालाबाईंना पुठ्ठ्याची आठवणही राहिली नाही.

एक बाजू झाल्यावर ते मुलांकडे वळले. कसं झालं म्हणून विचारलं.

रीनानं नीट निरखून पाहिलं. "आजोबा, हे फूल नाई," ती म्हणाली. "लय मोठं झालं. हे पान हाय."

यादोराव दोन पावलं मागे सरले. मान वाकडी करून त्यांनी बैलाकडे पाहिलं, आपल्या तळहाताकडे पाहिलं. पोरीचं म्हणणं त्यांना खरं वाटलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हिरवा रंग हाय का?"