सासऱ्यांची बंदूक, माझी हत्यारं

बंदूक दुरुस्त करायची हत्यारं वेगळी असतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कॅटलॉगमधल्या किमती पाहिल्या आणि ठरवलं, ही सगळी शुद्ध लुबाडणूक आहे. आपल्या गावात हार्डवेअरचं चांगलं दुकान आहे की! (मी विम्याच्या कचेरीत कारकून आहे. नको ते धोके टाळा, असं लोकांना सांगणं हा माझा धंदा.)

बंदूक माझ्या सासऱ्यांची, अर्वो लाहतींची. मिशिगनच्या आमच्या या उत्तर टोकाला बंदुकीवरून माणसाची पत ठरते, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही सासरे मला 'तो विमावाला' म्हणत. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला, तेव्हा बंदुकीचा खटका अडकतो असं ते पुटपुटले. मी ती 'नुसती पुसून देतो' म्हणून घरी आणली. नाताळला ठणठणीत करून हातात ठेवायची, म्हणजे निदान नावाने तरी हाक मारतील, असा माझा बेत.

दुकानातून मी स्वस्तातला स्क्रूड्रायव्हर आणला आणि कानशीने घासून बारीक केला. खिळी ठोकून काढायला नळवाल्यांची पितळी सळई, बंदूक टेकवायला आइस हॉकीची रबरी चकती. पकडीचे ओरखडे दस्त्यावर उठू नयेत म्हणून चामडं हवं होतं, ते घरातच मिळालं. (ते माझ्या बायकोच्या, इल्माच्या, पर्सचं होतं हे नंतर कळलं. म्हणजे, इल्माला नंतर कळलं.)

गॅरेजमध्ये बोटं गोठत होती, म्हणून नाताळच्या आदल्या दुपारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसलो. इल्मा भाताच्या खिरीचं पातेलं निवायला उघडं ठेवून आईबाबांना आणायला गेली होती. बंदुकीत काडतूस नाही ना, हे मी नीट पाहिलं. त्या दिवशी तेवढी एकच गोष्ट बरोबर झाली.

सळईवर हलकाच टोला दिला. खिळी लोण्यातून निघावी तशी निघाली. मी स्वतःवर खूश होऊन हसलो, तोच आतली स्प्रिंग टण्णकन उडाली. छताला लागल्याचा आवाज आला. खाली पडल्याचा आला नाही.

मऊ जागी पडली असणार, इथपर्यंत माझी अक्कल चालली. मग मी कुत्र्याचं अंथरूण झटकलं.

आमच्याकडे फिनलंडच्या रीतीने नाताळच्या खिरीत एक बदाम लपवतात. ज्याच्या वाटीत तो येईल, त्याचं वर्ष भाग्याचं. रात्री जेवताना सासऱ्यांच्या तोंडून कट्ट असा आवाज आला.

"बाबांना मिळाला," इल्मा म्हणाली. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी बदाम तोंडातून काढून नॅपकिनवर ठेवला. बदामाला वेटोळी होती.

"हा माझ्या बंदुकीतला दिसतोय," ते शांतपणे म्हणाले.

मग मला सगळं सांगावं लागलं आणि बंदूकही दाखवावी लागली. स्क्रूंची डोकी उंदरांनी कुरतडल्यासारखी झाली होती. स्प्रिंग सासऱ्यांच्या कवळीने चेपली होती. आणि बंदूक करणारी कंपनी कधीच बंद पडलेली, त्यामुळे तशी दुसरी स्प्रिंग मिळायची आशा नव्हती. सासूबाई हळहळल्या, की आता हे पुढच्या हंगामात काय करतील. इल्मा माझ्याकडे रोखून पाहत होती. (तिला टेबलाखाली पर्स सापडली होती.)

सासऱ्यांनी मला खुणेने ओसरीवर बोलावलं. दार लावून घेतलं. मी मान खाली घातली.

"एल्रॉय," ते म्हणाले. माझं नाव त्यांना माहीत होतं तर. "मला हरणं मारायला आवडत नाहीत. त्या थंडीत गुडघे धरतात. ओंडक्यावर बसतो, सँडविच खातो, परत येतो. पण धडधाकट बंदूक असताना घरी बसलो, तर गाव म्हणेल अर्वो म्हातारा झाला. आता बंदूकच नाही, त्याला मी काय करणार?"

आणि त्यांनी मला अशी मिठी मारली, की माझा चष्मा वाकडा झाला. आत जाऊन त्यांनी खिरीची आणखी एक वाटी मागून घेतली आणि सासूबाईंसमोर तोंड पाडून संपवली. मी मात्र छाती काढून बसलो होतो. शेवटी माझ्या हाताला गुण आहे, हे कुणीतरी ओळखलं होतं.

पुढच्याच शनिवारी सासरे बर्फ ढकलायचं यंत्र ट्रकमध्ये घालून दारात हजर. मी विचारलं, बिघडलंय का.

"छे, झकास चालतं," ते म्हणाले. "म्हणून तर रोज पहाटे तुझी सासू मला त्याच्यामागे पिटाळते. काढ बरं तुझी ती हत्यारं."