मिठाच्या डबीची मात

घड्याळवाल्या मित्राच्या पत्राला निवृत्त ग्रंथपालांनी सात महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र छोटंसंच होतं. 'दुकान बंद केलं. बारीक चाकं दिसेनाशी झाली. बुद्धिबळाचा पट मात्र अजून नीट दिसतो, असं वाटतं. हा डाव मी रचलाय. पांढऱ्याची खेळी, तीन खेळ्यांत मात. सुटला की कळव, म्हणजे माझी खात्री पटेल.' खाली हाताने काढलेलं पटाचं चित्र.

आधी सोडवायचं, मग लिहायचं, असं ग्रंथपालांनी ठरवलं आणि तिथेच घोडं अडलं. पट जेवणाच्या टेबलावर मांडला गेला तो तिथेच राहिला. एक पांढरा हत्ती हरवलेला होता, त्याच्या जागी मिठाची डबी उभी राहिली. नवरा-बायको उरलेल्या काठावर ताटं सांभाळत जेवू लागले.

"अहो, 'मी बरा आहे, तू कसा आहेस' एवढं लिहायलाही मात करावी लागते का?"

"अगं, नुसतं तेवढंच लिहिलं तर त्याला वाटेल, आपला डाव चुकला."

"आणि काहीच लिहिलं नाही तर काय वाटेल?"

ग्रंथपाल पटावर आणखी खाली वाकले.

एका रविवारी जावई जेवायला आले. त्यांनी काकडी पुढ्यात ओढली, डबी उचलली आणि मीठ भुरभुरवलं.

"हत्ती! हत्ती!" ग्रंथपाल ओरडले.

जावयांनी दचकून दाराकडे पाहिलं.

"तुमच्या हातात आहे तो," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

जावयांनी घाईघाईने डबी पटावर टेकवली. "सॉरी बाबा. इथेच होता ना?"

जावयाला नाही म्हणायचं ग्रंथपालांच्या जिवावर आलं. "असू दे, असू दे," म्हणत त्यांनी पटाकडे पाहिलं आणि त्यांचा घास हातातच राहिला. वजीर द्यायचा, राजाला तो घ्यावाच लागतो. मग घोड्याचा शह. राजाला एकच घर उरतं, आणि तिथे मिठाच्या डबीने मात!

जेवण तसंच टाकून त्यांनी कागद घेतला. पण सवयीप्रमाणे एकदा चित्राशी ताडून पाहिलं. डबी एक घर बाजूला होती. चित्राप्रमाणे ठेवली, तर मात नाही. पुन्हा सरकवली, मात!

सात महिन्यांत प्रथमच त्यांनी स्वतःला सोडून चित्रावर संशय घेतला. रेघा एकमेकींवर चढल्या होत्या. हत्ती दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढला होता, तोही शेजारच्या घरात.

"म्हणजे चूक त्यांची!" बायको उसळली. "आणि मी इतके दिवस काठावर जेवले! लिहा, चांगलं खडसावून लिहा."

ग्रंथपालांनी लिहिलं, 'डाव बिनचूक आहे. तुला पट अगदी नीट दिसतो. उशीर झाला तो माझ्या मठ्ठपणामुळे. गुरुवारी येतो, आपण दोघं मिळून पुन्हा मांडू.'

बायकोने खांद्यावरून वाचलं. "मठ्ठपणा तुमचा?"

"मला सवय आहे गं त्याची. त्याला नाही."

तिने पत्राची घडी घातली. मग पाकीट तिनेच चिकटवलं आणि चपला पायात सरकवल्या.

"मी टाकते. तुमच्या हातात राहिलं तर अजून सात महिने तपासत बसाल."

खिडकीतून ग्रंथपाल पाहत राहिले. कोपऱ्यावरच्या पेटीशी ती थांबली, पाकिटावरचा पत्ता तिने एकदा पदराने पुसला आणि उत्तर आत सोडलं.