स्कॉटलंडला निघालेले भानुदासअप्पा

मे महिन्यात, जालन्यात, टळटळीत दुपारी एखादा माणूस अंगात लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर घालून स्कूटरवरून जाताना दिसला, तर घाबरून त्याला पाणी पाजायला धावू नका. ते आमचे भानुदासअप्पा असतात. ते स्कॉटलंडला निघालेले असतात.

स्कॉटलंड आमच्या मस्तगड भागापासून वीस मिनिटांवर आहे. एमआयडीसीत, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर. खाली सळयांचे ढीग आणि टेम्पोंची रांग. जिना चढून गेलं की एसीचा गारवा, भिंतीएवढा पडदा आणि पडद्यावर हिरवंगार मैदान. गालिच्यावर चेंडू ठेवायचा आणि काठीनं हाणायचा. खरा चेंडू पडद्यावर आपटून परत पायाशी येतो, पण पडद्यातला चेंडू उडत राहतो, झाडांवरून, तळ्यावरून, कधी कधी तर समुद्रावरून. किती लांब गेला ते यंत्र सांगतं. याला इनडोअर गोल्फ म्हणतात. एका सळईवाल्या शेठच्या मुलानं परगावच्या व्यापाऱ्यांची करमणूक व्हावी म्हणून ते सुरू केलं. व्यापारी एकदा यायचे, फोटो काढायचे आणि जेवायला जायचे. रोज येणारा माणूस एकच, आमचे अप्पा.

मी शिंपी. अप्पा माझं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. सळईच्या कारखान्यात भट्टीवर फोरमन होते. वर्षाला दोन खाकी जोड शिवायचे. माझ्या मापाच्या वहीत त्यांच्या पानावर कमरेचा आकडा तेवढा वाढत गेला, रंग कधी बदलला नाही. निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता हे गिऱ्हाईक पायजम्यावर येणार.

पण झालं भलतंच. त्या गोदामात पडद्याची लोखंडी चौकट बसवायची होती. छोट्या शेठनं जुना भरवशाचा माणूस म्हणून अप्पांना बोलावलं. चौकट बसली. शेठ गमतीनं म्हणाला, "अप्पा, मारून तर बघा एक." अप्पांनी काठी घेतली आणि हाणली. चेंडू पडद्यातल्या समुद्रावरून गेला आणि पलीकडच्या हिरवळीवर उतरला. शेठनं टाळ्या वाजवल्या. तिथून माणूस हातचा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं कुलूप काढत होतो, तर अप्पा पायरीवर बसलेले. मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "मास्टर, ही पँट पाहा."

मी पाहिली. लाल, पिवळ्या आणि हिरव्या चौकडीची पँट होती.

"बँडवाल्याची आहे का?"

"गोल्फवाल्याची हाय. बिलकुल अशीच पाह्यजे."

"अप्पा, या वयात…"

"मास्टर, कपडा बोलतो, बॉल ऐकतो. तुम्हाला न्हाई कळायचं."

'कपडा बोलतो, बॉल ऐकतो' हे वाक्य त्यानंतर मी इतक्या वेळा ऐकलं, की एकदा झोपेत मीच ते बोललो, असं माझी बायको सांगते.

पँट शिवली. ट्रायलला अप्पा आले. साधं गिऱ्हाईक ट्रायल म्हणजे आरशासमोर उभं राहतं, फार तर एकदा खाली बसून बघतं. अप्पांनी माझी लाकडी मीटरपट्टी उचलली, पाय फाकवले, कंबर वळवली आणि खांद्यावरून असा फटका फिरवला, की वरची ट्यूबलाइट चुरा होऊन कापडाच्या ताग्यांवर पडली. मी डोक्याला हात लावला. अप्पा शांतपणे मागे हात नेऊन शिवण चाचपत होते.

"उसवली न्हाई," ते म्हणाले. "बराबर हाय."

पुढं दोन वर्षांत मी त्यांना किती कपडे शिवले, ते आठवून सांगणं अवघड आहे. गुलाबी शर्ट, आकाशी शर्ट, पांढऱ्या पँटी, एक जांभळी पँटसुद्धा. सगळ्यांचे नियम ठरलेले. शर्टाला कॉलर पाहिजे. शर्ट पँटमध्ये खोचलेला पाहिजे आणि हात वर केला तरी बाहेर येता कामा नये, म्हणून खाली चार इंच जास्त कापड. पट्ट्याचा रंग आणि बुटाचा रंग एक. टोपी पांढरी. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे, ज्या देशात खेळायचं त्या देशाचे कपडे. त्या यंत्रात देशोदेशीची मैदानं आहेत. स्कॉटलंड लावलं की स्वेटर. एकदा यंत्रात पाऊस लावला, तर अप्पा रेनकोट घालून गेले. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. सिग्नलला शेजारचा टेम्पोवाला आभाळाकडं बघायला लागला.

घरून निघताना सुमनवहिनी दारात उभ्या राहून म्हणतात, "निघाले नवरदेव!" पण इस्त्री त्याच करून देतात आणि कॉलरही त्याच सारखी करतात. मी एकदा म्हणालो, "वहिनी, तुम्ही तरी आवरा त्यांना." तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हो भाऊजी. पस्तीस वर्षं काळे होऊन घरी आले. आता गुलाबी होऊन येऊन राह्यलेत, तर येऊ द्या."

एकदा अप्पा मला खेळायला घेऊन गेले. माझा चेंडू पडद्याकडं गेलाच नाही, छताला लागून माझ्याच पाठीत बसला. अप्पांचा मात्र सरळ, लांब. पण मला आश्चर्य वाटलं ते पुढं. या खेळात एक फटका मारला की पडदा आपोआप पुढची जागा दाखवतो. तुम्ही जागचं हलायचं नाही. अप्पा काठी खांद्यावर टाकून हॉलला गोल चकरा मारायला लागले. एक, दोन, तीन…

"काय झालं?"

"बॉल दीडशे कदम पुढं पडला न. मंग तिथपर्यंत जायला नको का?"

"अप्पा, तो पडद्यात आहे."

"पडद्यात असला म्हून काय झालं? चाललं न्हाई, तर खेळलो कशाला म्हणायचं?"

मागं दोन डॉक्टर आपल्या पाळीची वाट बघत ताटकळत होते. अप्पांनी दीडशे पावलं पुरी केली, मगच दुसरा फटका मारला.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास छोट्या शेठनं स्पर्धा ठेवली. बक्षीस म्हणजे पुण्याच्या बाजूला खऱ्याखुऱ्या मैदानावर एक दिवस खेळायचं. आठ खेळाडू उतरले. दोन डॉक्टर, एक बियाण्यांचे व्यापारी, बाकी शेठचे दोस्त. हे सगळे आठवड्यातून एकदा खेळणारे, आणि अप्पा दोन वर्षं रोज. अप्पा जिंकले. मला फोन आला तो आनंदाचा नव्हताच, हुकमाचा होता.

"मास्टर, दहा दिवस हायत. जल्दी करा. नवा जोड पाह्यजे."

त्या दहा दिवसांत अप्पा दुकानात दिवसातून तीनदा यायचे. हिरवा नको, गवतात दिसणार नाही. पांढरा नको, डाग पडेल. निळी पँट पसंत केली, घरी गेले, परत आले. "निळी म्हणजे पोलिसावानी दिसंल." शेवटी हळदी रंगाची पँट, गडद निळा शर्ट आणि वहिनींनी विणलेला दुधी स्वेटर असं ठरलं. पँटीच्या चुण्या तीनदा उसवून शिवल्या. इतकं करून अप्पा म्हणाले, "तुम्ही बी चला."

"मी कशाला?"

"ऐन टायमाला काही उसवलं तर?"

सुईदोरा खिशात घालून मी गेलो. पहाटे छोट्या शेठच्या गाडीनं निघालो. रस्ताभर अप्पा सीटला पाठ न टेकता बसले होते, इस्त्री मोडू नये म्हणून.

मैदान बघून माझे तर डोळेच दिपले. नुकताच पावसाळा संपलेला. डोंगराच्या पायथ्यापासून नजर पोचेल तिथपर्यंत हिरवं. मधे कापलेली मऊ हिरवळ, कडेनं उतारावर कमरेएवढं मोकळं गवत. बाकीचे खेळाडू आले ते विटक्या टी-शर्टात आणि अर्ध्या चड्डीत. सगळे अप्पांकडं बघायला लागले. एकानं अदबीनं विचारलं, "सर, कुठल्या क्लबचे?"

अप्पा म्हणाले, "जालना."

त्यानं मान डोलावली. मला माझ्या शिलाईचा एवढा अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

अप्पांची पाळी आली. ते चेंडूजवळ गेले, पाय फाकवले, आणि थांबले. समोर बघत राहिले. पडदा नव्हता. भिंत नव्हती. वारा सुटला होता आणि सगळं गवत एका बाजूला झुकत होतं. अप्पांनी फटका मारला, तो चेंडूला न लागता हवेतच गेला. दुसरा मारला. चेंडू उजवीकडं घरंगळत गेला आणि उंच गवतात शिरला.

कोणी हसलं नाही. काठ्यांची पिशवी उचलणारा गडी म्हणाला, "राहू द्या साहेब, दुसरा घ्या." पण अप्पा "पाहतो मी" म्हणून गवतात गेले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मागची मंडळी खोळंबली, त्यांना पुढं जाऊ दिलं. छोटा शेठ माझ्या कानाशी म्हणाला, "मास्टर, जरा बघून या. मनाला लागलंय त्यांच्या."

मी उतारावर गेलो. अप्पा गवतात बसले होते. बूट काढून बाजूला ठेवलेले, मोजे त्यातच. हळदी पँटीवर गवताचे हिरवे डाग पडले होते, आणि त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

"अप्पा, चक्कर आली का?"

"न्हाई."

"अहो, पहिल्यांदा असं होतंच. चला."

"मास्टर, बसा," एकेक गवत बोटानं दाखवत ते म्हणाले. "ही मारवेल. हे पवना. हे पाहा, ही कुसळी. हिचं कुसळ मेंढराच्या तोंडाला टोचतं. कवळी असंल तरच खातं."

मी खाली बसलो. "तुम्हाला काय माहीत मेंढरांचं?"

"बाप मेंढरं वळायचा माझा. मी बी वळली, बारा वर्षांचा होईस्तोवर."

तीस वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या छातीचं, खांद्याचं, बाहीचं माप मला तोंडपाठ होतं. त्यांचं गाव कोणतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"पिंपळगाव रेणुकाईच्या शिवाराकडं आमची मेंढरं बसायची," अप्पा सांगायला लागले. "दिवाळी झाली की बाप निघायचा. जिथं गवत दिसंल तिथं. आज इथं, उद्या तिथं. मी त्याच्या मागं पळायचो. मंग मोठा दुष्काळ पडला. आम्ही चालत गेल्तो, चालत गेल्तो, कुठंच काडी न्हाई. मेंढरं रस्त्यात बसायची ती उठायची न्हाईत. बापानं मला जालन्याला मामाकडं आणून सोडलं. म्हणला, गवत पळून जातं बाबा. जे पळून जाणार न्हाई असं काही तरी तू धर."

"आणि ते?"

"ते उरलेली मेंढरं घेऊन परत फिरले. मी कारखान्यात लागलो तेव्हा एकदा गेटवर आल्ते. माझा पहिला खाकी जोड होता. माझी बाही अशी दोन बोटांत धरली, कापड चोळून पाह्यलं. म्हणले, चांगला हाय रे. अन् गेले. पुढच्या उन्हाळ्यात वारल्याचा निरोप आला. नगरकडं कुठंतरी, चालता चालता."

वारा थांबला होता. समोरचा सगळा डोंगर उन्हात चमकत होता. अप्पांनी पंजानं गवत दाबलं. हात काढल्यावर ते हळूहळू परत उभं राहिलं.

"एवढं गवत, मास्टर," ते म्हणाले. "अन् एक मेंढरू न्हाई."

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग जीभ टाळूला लावून त्यांनी एक आवाज काढायचा प्रयत्न केला. काहीतरी घरघरलं आणि घशातच विरलं.

"बाप असा बोलवायचा त्यांला," ते ओशाळून म्हणाले. "एका आवाजात सगळी वळायची. मला येत होतं. आता न्हाई आलं."

"परत बघा," मी म्हणालो.

अप्पांनी छाती भरून श्वास घेतला. "टर्र्र्र… हाऽऽ… हा!"

आवाज उतारावरून खाली गेला, पार त्या कापलेल्या हिरवळीपलीकडं. लांबवर खेळणारी दोन माणसं काठ्या तशाच धरून आमच्याकडं वळून बघायला लागली. अप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. ते डोंगराच्या अंगाला बघत राहिले, जिकडून मेंढरं वळून येतात तिकडं. मी त्यांच्या शेजारी गवतात बसून राहिलो.